ठाणे–नवी मुंबईच्या रुळांसाठी संशोधन करायचे, तर नेमके कशावर करावे?

अन्विता_ऐरोली

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीत एम.टेक. करते आहे आणि या सत्राच्या आत मला प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. रेल्वेमार्गाची देखभाल हे क्षेत्र माझ्या मनाशी पक्के आहे, पण त्यातला प्रश्न अजून पक्का झालेला नाही.

या क्षेत्राकडे मी वळले ते जानेवारीतल्या एका पहाटेमुळे. आमची गाडी दोन स्थानकांच्या मध्येच थांबली होती. दारात उभी असल्यामुळे मला शेजारच्या मार्गावर विजेरीच्या उजेडात काम करणारी चार माणसे दिसत होती. रुळाला आरपार तडा गेला होता आणि मधली फट एवढी होती की पाच रुपयांचे नाणे तिच्यात सहज उभे राहिले असते. त्यांनी दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावल्या, शिकंजे आवळले आणि त्यातला एक जण गुडघ्यावर बसून रुळाच्या माथ्यावरून हात फिरवू लागला. थोड्या वेळाने त्या रुळावरून एक गाडी अगदी हळू पुढे काढली गेली आणि तो माणूस ती जाईपर्यंत वाकून त्याच जागेकडे पाहत राहिला.

तेव्हापासून माझ्या मनात दोन प्रश्न आहेत. ती फट कुणाला आणि कशी कळली? आणि तडा आरपार जाण्याआधीच तो कळला असता का? गेल्या चार महिन्यांत मी बरेच शोधनिबंध वाचले, पण त्यांतील बहुतेक प्रश्न प्रयोगशाळेतून रुळाकडे पाहणारे आहेत. मला रुळावरून प्रयोगशाळेकडे जायचे आहे. येथे रेल्वेत काम केलेली मंडळी आहेत म्हणून विचारते, की आपल्या भागातल्या रुळांना खरी अडचण कोणती आहे?

जुना_रूळकरी

अन्विता, तू जे पाहिलेस ते बारकाईने पाहिलेस, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी पी. वे. खात्यात, म्हणजे रेल्वेमार्गाच्या देखभालीच्या खात्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी कळव्याला स्थायिक झालो.

असे तडे थंडीत आणि विशेषतः पहाटे का उघडतात, हे आधी समजून घे. आता आपल्याकडे लांब जोडाचे रूळ आहेत, म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर रूळ वेल्डिंगने अखंड केलेला असतो. अशा रुळाला तापल्यावर लांबायला आणि गारठल्यावर आखडायला जागाच नसते, त्यामुळे लांबीतला बदल ताणाच्या किंवा दाबाच्या रूपाने रुळाच्या अंगातच राहतो. ६० किलोच्या, म्हणजे मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद साधारण ७७ चौरस सेंटिमीटर असतो आणि तापमानात एका अंशाचा फरक पडला की अशा एका रुळात जवळजवळ १.९ टनांचे बल तयार होते. समज, तो ४० अंशांना तणावमुक्त करून बसवला आहे आणि पहाटे १८ अंशांवर आला आहे. मग त्याला आतून जवळपास ४२ टनांची ओढ बसत असते. निरोगी रूळ ही ओढ वर्षानुवर्षे सहन करतो. मात्र एखाद्या जोडात लहानसा दोष आधीपासून असेल, तर पहाटेच्या पहिल्या चार-पाच गाड्यांत तो उघडतो आणि तुटलेली दोन टोके परस्परांपासून दूर सरकतात. तू पाहिलेली फट म्हणजे ती ओढ मोकळी झाल्याची खूण होती.

मे महिन्यात नेमके उलटे होते. तेव्हा रुळात दाब असतो आणि खडीने त्याला बाजूने नीट धरून ठेवले नाही तर मार्ग सापासारखा वळतो. तुटलेल्या रुळापेक्षा मला नोकरीत या वाकण्याचीच भीती अधिक वाटायची, कारण तडा बहुधा आधी काहीतरी सांगतो. मार्ग वाकतो तेव्हा सांगायला वेळच मिळत नाही.

सानपाडा_प्रवासी

एक प्राथमिक शंका विचारतो. आमच्या लहानपणी रुळांच्या सांध्यात फट ठेवलेली असायची आणि खडक-खडक असा आवाज यायचा. रुळाला लांबायला-आखडायला जागा लागते, तर ती फट काढून टाकून आपण अडचण ओढवून घेतली असे नाही का?

जुना_रूळकरी

शंका योग्य आहे. जुन्या १३ मीटरच्या तुकड्यांचा मार्ग असेल तर एका किलोमीटरला एका रुळात सुमारे ७७ सांधे येतात. प्रत्येक सांध्यावर चाक आदळते, तेथली खडी बसते, बोल्टांची भोके चिरतात आणि रुळाचे टोक खालच्या बाजूला झुकते. त्या काळी आमच्या गँगचा निम्म्याहून अधिक वेळ सांधे उचलण्यात जाई. आता भिलाईच्या कारखान्यातून २६० मीटरची जोडलेली लांबी थेट येते, म्हणजे जागेवर करायचे जोड किलोमीटरला चारच्या आसपास उरतात. अडचण संपली असे मी म्हणणार नाही, पण ती विखुरलेली होती ती मोजक्या जागी गोळा झाली. त्या मोजक्या जागा म्हणजे जागेवर केलेले थर्मिट जोड, म्हणजे वितळलेले पोलाद ओतून सांधलेली रुळांची टोके.

सत्तर_अंश

मी अल्ट्रासॉनिक तपासणीच्या कामावर आहे, त्यामुळे अन्विता यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

आम्ही रुळावरून एक ढकलगाडी चालवतो. तिच्या खाली ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणारे प्रोब असतात, ते रुळाच्या माथ्यावरून सरकतात आणि ध्वनिलहर आत शिरावी म्हणून त्यांच्याखाली सतत पाण्याची धार सोडलेली असते. सरळ खाली जाणारी लहर आडव्या भेगा शोधते. सत्तर अंशांत तिरकी जाणारी लहर माथ्यातल्या उभ्या भेगा शोधते, आणि त्याच प्रोबवरून मी माझे येथील नाव घेतले आहे. पडद्यावर एखादा शेंडा उठला की मी गाडी मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो, माथा पुसतो, पाणी वाढवतो आणि मगच निर्णय देतो, कारण ग्रीसचा डाग किंवा माथ्यावरची खरवडसुद्धा शेंडा दाखवू शकते. दोष गंभीर असेल तर तेथे लगेच पट्ट्या बांधल्या जातात, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि तीन दिवसांत तो तुकडा बदलायचा असतो.

आता मुद्द्याचे सांगतो. ही लहर माथ्यातून सरळ खाली, मधल्या उभ्या पट्टीतून रुळाच्या तळाच्या मध्यभागापर्यंत पोहोचते. तळ मात्र दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि त्या पसरलेल्या कडांपर्यंत माथ्यावरून सोडलेली लहर जातच नाही. जोडांच्या ठिकाणी आम्ही हातात वेगळा प्रोब घेऊन कडाही तपासतो, पण दोन जोडांच्या मधल्या शेकडो मीटरच्या कडांना तसे करणे शक्य नसते. तिथे आम्हाला दिसत नाही, हे मी स्पष्टपणे मान्य करतो.

संवेदक

मी महापे येथे माहिती-विश्लेषणाचे काम करतो. माझे मत असे आहे की प्रश्न तपासणीच्या वारंवारतेचा आहे. ढकलगाडी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा जात असेल, पण लोकल दर तीन-चार मिनिटांनी जाते. मग लोकलच्याच आसपेटीवर, म्हणजे चाकाच्या आसाचे टोक धरणाऱ्या पेटीवर कंपनमापक का बसवू नये? प्रत्येक फेरीत प्रत्येक जागेची नोंद मिळेल, कालच्या नोंदीशी आजची ताडून पाहता येईल आणि बदल दिसताच सूचना देता येईल. रुळाशेजारी आधीच असलेल्या प्रकाशतंतूच्या तारेतून कंपने ऐकण्याचे तंत्रही आज उपलब्ध आहे. अन्विता यांनी याच दिशेने जावे असे मला वाटते.

कीमनची_मुलगी

संवेदक यांचे म्हणणे मी आदराने वाचले, परंतु एक बाजू राहून जाते आहे असे वाटल्यामुळे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे वडील कीमन होते. ते रोज पाच-सहा किलोमीटरचा आपला पट्टा एका रुळाने जाऊन दुसऱ्या रुळाने परत येत चालून काढत. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी निशाणे आणि गाडी थांबवण्याचा इशारा देणाऱ्या फटाक्यांचा डबा असे. स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या तुळईवर, रूळ धरून ठेवणारी क्लिप, ज्याला सगळे पॅन्ड्रॉलच म्हणतात, ती निघालेली दिसली की तिथेच ठोकून बसवायची, हे त्यांचे मुख्य काम. घट्ट बसलेल्या क्लिपवर हातोडा पडला की आवाज कोरडा आणि वरच्या पट्टीतला येतो, ढिली असेल तर तो बसका येतो. हा फरक त्यांनी मला घरासमोर पडलेल्या एका जुन्या स्लीपरवर ऐकवला होता.

रूळ तुटलेला दिसला तर काय करायचे, ते आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ होते. निशाण रोवायचे, गाडी येण्याच्या दिशेने धावत सुटायचे, ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. सगळ्या नोकरीत वडिलांवर ही वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा तडा त्यांनी उजाडण्याआधी, विजेरीने पाहिला होता. एकदा त्यांना तो आधी दिसलाच नव्हता. रुळाच्या कडेवरचा गंज एका जागी ओला आणि लालसर वाटला म्हणून ते परत फिरले होते. अशा खुणा त्यांच्या वहीत लिहिलेल्या होत्या, पण ती वही कधी कुणी मागितली नाही. यंत्रे जरूर बसवावीत. मात्र जे संशोधन कीमनच्या वहीपासून सुरू होत नाही ते अर्धेच राहील, असे मला मनापासून वाटते.

कोपरी_वाचक

ताई, ती वही अजून आहे का? असेल तर ती जपून ठेवा.

कीमनची_मुलगी

आहे. दोन वह्या आहेत. एकीची पाने पावसाने चिकटली आहेत.

सिग्नल_खांब

अन्विता यांचा पहिला प्रश्न, म्हणजे तडा कसा कळला, अजून बाकी आहे. तो कळण्याचे तीन मार्ग असतात. गस्तीवरच्या माणसाला तो दिसतो, मोटरमनला हिसका जाणवतो, किंवा सिग्नल आपोआप लाल होतो.

तिसरा मार्ग असा चालतो. मार्गाच्या एका तुकड्यातल्या रुळांमधून हलकासा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तो तिच्या आसांतून वळतो आणि यंत्रणेला तुकडा व्यापल्याचे कळते. रूळ पूर्ण तुटला तरी प्रवाह खंडित होतो आणि सिग्नल लाल होतो. तुटका रूळ शोधणे हे रुळांतल्या या विद्युतमंडलाचे मूळ काम नव्हे, ते ओघाने मिळालेले संरक्षण आहे. शिवाय ते नेहमी मिळत नाही, कारण तडा अर्धवट असेल किंवा टोके एकमेकांना टेकलेली असतील तर प्रवाह चालूच राहतो.

आपल्याकडे पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की ही मंडले बिघडतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी आस मोजणारी यंत्रणा वापरात येते. ती पाण्याला चांगली टिकते, पण रूळ तुटला तर तिला काहीच कळत नाही. ही देवाणघेवाण फारशी चर्चिली जात नाही. मंडल काढल्यावर तुटक्या रुळाची सूचना दुसऱ्या कोणत्या मार्गाने द्यायची, हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो.

धातुकण

मी धातुशास्त्र शिकवतो. चर्चा चांगल्या वळणावर आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट चाक आणि रूळ यांच्या स्पर्शाची. वरचा सगळा भार एका लहान नाण्याएवढ्या जागेतून रुळात उतरतो. तेथला ताण एवढा मोठा असतो की माथ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, विशेषतः वळणात, केसासारख्या भेगा पडतात. ब्रिटनमध्ये हॅटफिल्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी अशाच भेगांनी पोखरलेला रूळ गाडीखाली तीनशेहून अधिक तुकड्यांत फुटला आणि चार प्रवासी दगावले. त्यानंतर त्या देशभर वेगमर्यादा घालाव्या लागल्या. सत्तर_अंश यांच्या कामाशी याचा थेट संबंध आहे, कारण माथ्यावरच्या या उथळ भेगा ध्वनिलहर वरच अडवतात आणि त्यांच्याखालची खोल भेग झाकली जाते.

यातून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो. रूळ थोडा झिजणे चांगले असते, कारण झिजेबरोबर भेगांचे कोवळे तोंडही निघून जाते. अधिक कठीण पोलादाचा रूळ कमी झिजतो, पण म्हणूनच त्याच्यावरच्या भेगांना खोल जायला वेळ मिळतो. अशा रुळाला यंत्राने घासून पातळ थर काढत राहावे लागते. किती घासावे आणि किती दिवसांनी, हा प्रश्न प्रत्येक वळणाला आणि तेथून जाणाऱ्या चाकांच्या आकाराला वेगळा असतो.

दुसरी गोष्ट गंजाची, आणि ठाणे–नवी मुंबईसाठी मी तिला पहिला क्रमांक देईन. खाडीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातले कारखाने यांच्यामधून आपले मार्ग जातात. गंज रुळावर सगळीकडे सारखा चढत नाही. क्लिप आणि रूळ यांच्यामध्ये लायनर नावाची एक लहान पट्टी असते. तिच्याखाली ओल आणि क्षार साठून राहतात, त्यात गाडीगणिक तिचे घासणे चालू असते, आणि रुळाच्या तळाच्या कडेला खाच पडते. प्रत्येक स्लीपरवर, दोन्ही बाजूंना. लायनर काढल्याशिवाय ती खाच दिसत नाही.

आता सत्तर_अंश यांचा संदेश पुन्हा वाचा. गंज जेथे सर्वांत खोल जातो, नेमक्या त्याच कडांपर्यंत त्यांची लहर पोहोचत नाही.

सत्तर_अंश

धातुकण सरांनी नेमके बोट ठेवले. तोडून आणलेल्या रुळांत कडेपासून सुरू झालेला तडा मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या मुळाशी चंद्रकोरीसारखा काळपट डाग असतो, तेवढा भाग जुना असतो आणि बाकीचे पोलाद ताजे, चकचकीत तुटलेले असते.

पारसिकपायथा

धातूच्या या थकव्याचा इतिहासच रेल्वेपासून सुरू होतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि मोठी प्राणहानी झाली. सहन करण्याजोग्या भाराखालीच आस कसा मोडतो, हे तेव्हा कुणालाच उमगेना. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता आउगुस्ट व्योलर याने १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर अक्षरशः लाखो वेळा उलटसुलट भार देऊन पाहिला आणि भार किती वेळा पडला यावर धातूचे आयुष्य ठरते, हे दाखवून दिले. आज विमानाचा पंख किंवा पुलाची तुळई याच विचारावर तपासली जाते.

व्योलरची ही धडपड चालू असतानाच, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्याला पोहोचली. पुढे १९१६ मध्ये आमच्या डोंगरातून पारसिकचा बोगदा निघाला. ज्या गावाने रेल्वे सर्वांत आधी पाहिली, तेथल्या रुळांवर गावातल्याच मुलीने संशोधन करावे, याचा मला फार आनंद आहे.

मृदा_मापन

मी नेरुळला राहते आणि भूतंत्र अभियांत्रिकीत काम करते. सर्व चर्चा पोलादाभोवती फिरते आहे, म्हणून पोलादाखालच्या खडी-मातीची बाजू मांडते.

खाडीवरच्या पुलावर गाडी चढताना आणि उतरताना एक हिसका बसतो, तो येथील प्रत्येक प्रवाशाच्या परिचयाचा आहे. उभे असाल तर गुडघ्यांना तो आधी कळतो. पूल पक्क्या पायावर उभा असतो, त्यामुळे तो खचत नाही. त्याच्या तोंडाशी असलेला भराव मात्र खाडीच्या मऊ चिखलमातीवर असतो आणि ती माती वर्षानुवर्षे पाणी सोडत दबत राहते. पुलाच्या तोंडाशी एक खळगा तयार होतो, खळग्यामुळे चाकाचा मार वाढतो, माराने खडी आणखी बसते आणि खळगा वाढतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे टॅम्पिंग यंत्र आणणे. ते रूळ आणि स्लीपर उचलून धरते, पोलादी बोटे खडीत खुपसते आणि मिनिटाला दोन हजारांहून अधिक कंपनांनी खडी स्लीपरखाली दाबते. मार्ग सरळ होतो. पण खडीला जणू जुनी जागा आठवते आणि काही आठवड्यांत मार्ग त्याच आकारात परत खाली बसतो. शिवाय प्रत्येक वेळी त्या बोटांनी खडीच्या कडा फुटतात, चुरा वाढतो, पावसात त्याचा चिखल होतो आणि पाणी निघून जाईनासे होते. ब्रिटिश रेल्वेच्या संशोधकांनी म्हणून वेगळा मार्ग काढला होता. खडी न ढवळता स्लीपर उचलून त्याखाली मोजून लहान दगड फुंकायचे. आपल्याकडे पुलांच्या तोंडाशी स्लीपरखाली रबरी थर लावणे, किंवा भरावाचा कठीणपणा पायरीपायरीने वाढवत नेणे, यावर मोजमापांसह काम होण्याची नितांत गरज आहे.

कोपरी_वाचक

मी सामान्य प्रवासी आहे आणि मनापासून विचारतो. दर रविवारी साधारण अकरा ते चार असा मेगाब्लॉक असतो. एवढ्या तासांत ही सगळी कामे होत नाहीत का? आणि लोक प्रवास करतात त्या दिवसाच्या वेळेऐवजी हे रात्री का करत नाहीत?

जुना_रूळकरी

या प्रश्नाला मी बगल देणार नाही, कारण संशोधनाचा अर्धा प्रश्न येथेच आहे.

रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम काही तास असतात. त्यातून वीज बंद करून तशी खात्री करणे, माणसे आणि यंत्र जागेवर नेणे, काम झाल्यावर सगळे आवरून मार्ग तपासून देणे, हे वजा कर. हातात उरतो त्या वेळेचे मोल सोन्यासारखे. एक थर्मिट जोड घ्यायचा तर रुळाच्या दोन टोकांत २५ मिलिमीटरची फट मापून ठेवावी लागते, साचा बसवून मातीने लिंपावा लागतो, टोके तापवावी लागतात, मग भट्टीतली पूड पेटवली की अॅल्युमिनियम आणि लोहभस्माची प्रक्रिया होऊन वितळलेले पोलाद साच्यात उतरते. त्यानंतर ते थिजण्याची वाट पाहायची, वरचे तासायचे, घासायचे. यातल्या एकाही पायरीला घाई चालत नाही. साचा किंचित दमट राहिला तरी जोडात बुडबुडे राहतात, आणि तो जोड पुढे कुठल्या तरी जानेवारीच्या पहाटे तुटतो.

रविवारच्या दुपारचीही अडचण आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. लांब जोडाच्या मार्गावर खडी ढवळण्याचे काम रुळाचे तापमान तणावमुक्त तापमानापेक्षा दहा अंशांहून जास्त वर गेले असेल तर करता येत नाही. खडी ढवळली की तिची बाजूची पकड सैल होते, आणि तापलेल्या रुळातला दाब मार्ग वाकवू शकतो. हवा ३५ अंश असली तरी ऊन खाल्लेला रूळ सहज ५० च्या पुढे जातो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये ब्लॉक मिळतो ती वेळ आणि काम करता येते ती वेळ एकमेकांशी जुळत नाहीत. जपानमध्ये शिंकान्सेन रात्री बारा ते सकाळी सहा पूर्ण बंद असते आणि ते सहा तास रोज देखभालीचे असतात. आपल्या उपनगरी मार्गाला ती चैन नाही. म्हणून मला वाटते की जे संशोधन गँगला वीस मिनिटे वाचवून देईल ते सर्वांत मोठे संशोधन.

संवेदक

कीमनची_मुलगी आणि जुना_रूळकरी यांचे लिहिणे वाचून माझ्या आधीच्या मताला मी मुरड घालतो. कंपनमापक तळाच्या कडेवरची खाच ओळखू शकणार नाही, कारण त्या खाचेने चाकाच्या चालीत काहीच फरक पडत नाही. खळगे, ढिले स्लीपर आणि पुलाचे तोंड मात्र तो चांगले ओळखेल. म्हणजे यंत्राने जागा सुचवायची आणि माणसाने जाऊन खात्री करायची, असा क्रम असावा. सूचना खोट्या निघाल्या तर गँगचा मोलाचा वेळ वाया जाईल, तेव्हा सूचनांची संख्या कमी आणि खरेपणा जास्त, हीच कसोटी मी आता धरेन.

अन्विता_ऐरोली

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन दिवस मी हा धागा वहीत उतरवून घेत होते आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन थांबत होते. तळाची कड, लायनरखाली. तेथे गंज सर्वांत जास्त आहे, तेथे तपासणी सर्वांत कमी आहे, आणि कीमनकाकांनी ओला लालसर डाग पाहिला तोही तेथेच.

मला तीन शंका आहेत. लायनर न काढता कडेतली खाच मोजण्याचा प्रयत्न आधी झाला आहे का? गंजाला दाद न देणारे पोलाद वापरून प्रश्न मुळातूनच सुटणार नाही का? आणि एम.टेक.च्या एका वर्षात यातले किती मला झेपेल?

धातुकण

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. आयआयटी कानपूर येथे रुळांच्या गंजावर पुष्कळ काम झाले आहे आणि भिलाईला निकेल, क्रोमियम व तांबे अल्प प्रमाणात मिसळून गंजाला अधिक टिकणारे रूळ तयार झाले आहेत. तरीही आधीच अंथरलेले रूळ एका रात्रीत बदलत नाहीत. मेल-एक्सप्रेसच्या डब्यांना जैवशौचालये बसल्यापासून रुळांवर पडणारी घाण थांबली, हा मोठा लाभ झाला; खाडीची हवा मात्र आहे तेथेच आहे. आज लायनरची जागा घासून, ग्रीस लावून ती बंद करणे हाच हातातला उपाय आहे, आणि त्यासाठी प्रत्येक क्लिप काढावी लागते.

सत्तर_अंश

पहिल्या शंकेबद्दल सांगतो. रुळाच्या लांबीने दूरवर जाणाऱ्या कमी कंपनसंख्येच्या लहरींवर जगभर काम चालू आहे. त्या तळातूनही जातात. अडचण अशी की प्रत्येक स्लीपरवरचे रबर आणि क्लिप त्यांना थोडे थोडे शोषून घेतात, आणि लहानशा खाचेचा प्रतिध्वनी त्यात हरवतो. पूर्ण तुटलेला रूळ या पद्धतीने कळतो, अर्धी खाल्लेली कड ओळखणे अवघड जाते. दुसरा मार्ग म्हणजे कडेच्या वरच्या उतारावर, दोन स्लीपरच्या मधल्या मोकळ्या जागेत प्रोब ठेवून लहर लायनरच्या दिशेने तिरकी सोडणे. हाताने हे करता येते, मी एक-दोनदा करूनही पाहिले आहे. पण कोणत्या अंशात सोडली तर खाचेची खोली विश्वासाने सांगता येते, याचा तक्ता माझ्याकडे नाही. असा तक्ता कुणी करून दिला तर मी तो माझ्या डब्यात ठेवीन.

जुना_रूळकरी

तिसऱ्या शंकेचे उत्तर सत्तर_अंश यांनीच दिले आहे. तो तक्ता म्हणजे तुझा प्रबंध. संपूर्ण मार्गाचा विचार करू नकोस. बदलून काढलेल्या रुळांचे मीटर-दीड मीटरचे तुकडे रीतसर परवानगी मागून मिळतात. अर्ज कसा लिहायचा ते मी दाखवीन. एवढे मात्र कर, की ज्या हाताला तो प्रोब रात्री दोन वाजता, पावसात, हातमोजे घालून धरायचा आहे, त्याला डोळ्यांसमोर ठेवून तक्ता कर. आकडे मोठे असू देत.

मृदा_मापन

पुलाच्या तोंडाचा माझा विषय मागे पडला, पण योग्य कारणासाठी पडला. अन्विता, तुकडे निवडताना ते कोठून काढले आहेत याची नोंद जरूर ठेव. खाडीजवळचा, कारखान्यांजवळचा आणि बोगद्याच्या ओलाव्यातला, असे तीन वेगळे गट केलेस तर गंजाचे स्वरूपही वेगळे निघेल असा माझा अंदाज आहे.

कीमनची_मुलगी

वडिलांच्या वह्यांत किलोमीटर आणि खांबाच्या क्रमांकासह क्लिप वारंवार निघण्याच्या जागा आहेत. लायनर खाल्ले गेले की क्लिप ढिली पडते, असे ते म्हणत. त्या जागांवरून काही उपयोग होणार असेल, तर मी चिकटलेली पाने वाफेवर सोडवून सगळ्याचे फोटो काढून पाठवते.

अन्विता_ऐरोली

ताई, जरूर पाठवा. प्रबंधात पहिला तक्ता त्या वह्यांचाच असेल आणि वडिलांची परवानगी असेल तर त्यांच्या नावानिशी असेल.

मार्गदर्शकांशी आज बोलले आणि विषय मान्य झाला. सुरुवात सहा तुकड्यांपासून करायची असे ठरले आहे. आधी लायनर काढून प्रत्येक खाचेची खोली व्हर्नियरने मोजायची, मग लायनर परत बसवून वरच्या उतारावरून लहर सोडायची आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. काका, अर्जाचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाठवते. सत्तर_अंश दादा, उतारावर प्रोब नीट टेकावा म्हणून त्याच्या तळाला किती वळण द्यावे लागेल, ते आधी तुम्हाला विचारायचे आहे. ६० किलोच्या आणि ५२ किलोच्या रुळांसाठी ते वेगळे असेल ना?

सत्तर_अंश

वेगळे असेल. रविवारी ब्लॉकवर आहे, सोमवारी दोन्ही रुळांच्या कडांचे पुठ्ठ्यावर छाप काढून त्यांचे फोटो येथेच टाकतो.